अकरा तारखेचे पैसे

अक्का, नमस्कार. वय ३२. अशोक चौकाजवळ राहतो, पुण्यातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंग घरून करतो. आठ वर्षं झाली. मी चुका शोधतो आणि प्रोग्राम लिहिणारे डेव्हलपर त्यावर ‘नॉट अ बग’, म्हणजे ही चूकच नाही, असं लिहून बंद करतात. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे रोजचंच. आता मॅनेजर म्हणतात, ऑटोमेशन शिक, सगळी तपासणी हातानं न करता स्क्रिप्टनं, म्हणजे छोट्या प्रोग्रामनं चालव. शिकतोय, पण रात्री हिरवी (पास) झालेली स्क्रिप्ट सकाळी लाल (नापास) असते. रात्रीचे दोन-दोन वाजतात. मीटिंगमध्ये माइक चालू राहिला की घरामागच्या यंत्रमागांचा खडखडाट पुण्याला ऐकू जातो आणि सगळे हसतात. मला प्रोग्रामिंग येणार नाही हे मान्य करून टाकू का? एकच विरंगुळा आहे, विज्ञानकथा. शाळेपासूनचं वेड. दोन कपाटं पुस्तकं आहेत, स्वतःही एक कथा लिहितोय. बायको शाळेत मराठी शिकवते. ती परवा म्हणाली, “दिवसभर लोकांच्या चुका, संध्याकाळी माझ्या चुका, रात्री रोबोट. आमचा नंबर कधी?” आई तेलुगूत पुटपुटते की कपाटं रद्दीला घाल, पाळण्याला जागा होईल. नोकरी सोडू का पुस्तकं? सोबत माझा एक बग रिपोर्ट आणि कथेची पहिली चार पानं जोडली आहेत.
– एक टेस्टर, सोलापूर

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी कीव आली, दुसऱ्यांदा तुझ्या बायकोची.

आधी कामाचं बोलू, कारण ते काम मी केलेलं आहे. टेस्टर हा शब्द तेव्हा कानावर नव्हता आणि त्याचा वेगळा पगारही नव्हता. मी बँकेत होते. नव्वदच्या दशकात शाखेत कॉम्प्युटर आले, तेव्हा काही महिने लेजर हातानंही लिहायचं, कॉम्प्युटरमध्येही भरायचं आणि दोन्हीकडचे आकडे जुळतात का ते पाहायचं, असं दुहेरी चाललं होतं. सहामाही व्याजाची जुळणी माझ्या गळ्यात पडली. तेव्हा बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकेवर नव्हतं, ते २०१०च्या एप्रिलपासून आलं. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. एका मास्तरांनी अकरा तारखेला मोठी रक्कम भरली होती. नियमानं त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज बसत नाही. कॉम्प्युटरनं दिलं होतं.

कॉम्प्युटर बसवायला आलेला मुलगा म्हणाला, “मॅडम, तुमचीच बेरीज चुकली असेल.” मी रात्री आठपर्यंत बसले. अकरा तारखेला पैसे भरलेली आणखी चार खाती काढली. चारही चुकलेली. दहा तारखेला भरलेली तीन काढली. तिन्ही बरोबर. सकाळी तो कागद त्याच्यापुढे ठेवला आणि चहाला निघून गेले. परत आले तर तो मान खाजवत बसलेला. म्हणाला, “दहाऐवजी अकरापासून मोजतंय.” माझ्या बेरजेवर शंका घेतली याचा राग मला होताच, मी काय संत नव्हे. पण त्या कागदावर राग उतरवला असता तर तो त्यानं खणात टाकला असता, आणि मास्तरांना फुकटचं व्याज मिळत राहिलं असतं.

आता तुझा रिपोर्ट. मी चष्मा पुसून वाचला. वर शीर्षक: ‘डेव्हलपरला मराठी येतं का???’ तीन प्रश्नचिन्हं. खाली आठ ओळी, त्यातल्या पाच मागच्या रिलीजमध्ये काय झालं होतं याच्या. खरी गोष्ट शेवटून दुसऱ्या ओळीत, की पावतीवर पहिल्या नावाला आठ अक्षरांची मर्यादा आहे आणि ‘सिद्धेश्वर’ लिहिलं की ‘सिद्धेश्’ छापून येतं. समोरच्यानं शेरा मारला, ‘नाव चारच अक्षरांचं आहे, आठ पुरेत, नॉट अ बग.’

अरे, किती सुंदर चूक सापडली होती तुला! मी भाच्याला फोन करून समजून घेतलं. आपण सि-द्धे-श्व-र अशी चार अक्षरं मोजतो. कॉम्प्युटर स, वेलांटी, द, पाय मोडल्याची खूण, ध, मात्रा, श, पुन्हा ती खूण, व आणि र असे दहा मोजतो. आठांवर कात्री चालली की श लंगडा उभा राहतो आणि ‘वर’ गायब. सोलापुरात ज्याच्या घरात एकही सिद्धेश्वर किंवा सिद्धाराम नाही असं घर शोधावं लागेल, आणि ग्रामदैवताच्या नावाची ही अवस्था! पण ही मोजणी तुझ्या रिपोर्टमध्ये कुठेच नाही. समोरच्या माणसाला त्यात दिसलं काय, तर तुझा राग आणि तीन प्रश्नचिन्हं. त्यानं रागाला उत्तर दिलं.

मी लिहिला असता तर शीर्षक असं असतं: ‘पावतीवर “सिद्धेश्वर” हे नाव “सिद्धेश्” असं छापलं जातं.’ खाली काय टाइप केलं, काय यायला हवं होतं, काय आलं, आणि दहाची मोजणी. लक्ष्मी आणि मल्लिकार्जुन ही आणखी दोन नावं. लक्ष्मी सातांत बसते म्हणून नीट येते, तेही लिहायचं. जे चालतंय ते सांगितलं की जे चालत नाही त्यावर विश्वास बसतो. माझी ती दहा तारखेची तीन खाती त्याचसाठी होती. मागच्या रिलीजचं रडगाणं पूर्ण काढून टाक. हाच बग अशा कागदावर पुन्हा पाठव.

आणि तरीही बंद केला तर? तर तू विज्ञानवेडा आहेस, तुला मार्गारेट हॅमिल्टन माहीत असणार. अपोलो यानांचं सॉफ्टवेअर ज्यांच्या हाताखाली लिहिलं गेलं त्या बाई. त्यांची छोटी मुलगी लॉरेन आईबरोबर प्रयोगशाळेत जायची. एकदा खेळता खेळता तिनं सरावाच्या यंत्रावर यान ‘उडत’ असताना उड्डाणापूर्वीचा प्रोग्राम चालू केला आणि सगळं कोसळलं. बाई म्हणाल्या, यावर अटकाव घालू या. वरून उत्तर आलं की अंतराळवीर इतके तयार केलेले असतात, ते असं कधी करणारच नाहीत. ‘युजर असं करणारच नाही’ हे तू दर आठवड्याला ऐकतोस ना? तेच. बाईंना फक्त एक टीप लिहून ठेवता आली, की उड्डाणात हा प्रोग्राम निवडू नये. १९६८च्या डिसेंबरात अपोलो ८ मध्ये अंतराळवीर जिम लोव्हेल यांच्याकडून नेमकं तेच झालं आणि यान कुठे आहे हे सांगणारी माहिती पुसली गेली. ती पुन्हा भरावी लागली. त्यानंतर अटकाव घालू दिला.

हे मी ‘बघ, शेवटी तू जिंकशील’ म्हणून सांगत नाही. पुष्कळदा नाहीच जिंकणार. बग दुरुस्त करायचा की सोडायचा हे ठरवायचं काम तुझं नाही, त्याचा पगार दुसऱ्याला आहे. तुझं काम टीप लिहिण्यापर्यंत. ती नीट लिही आणि लॅपटॉप मीट. तू बंद झालेला प्रत्येक बग पोटात घालून जेवायला बसतोस, आणि मग आमटीतल्या मिठावर बोलतोस.

ऑटोमेशनचं थोडक्यात. शिकावं लागेल. नुसत्या हातानं टेस्टिंग करणाऱ्याला पुढे जड जाईल, असं भाचाही म्हणतो, आणि त्याबाबतीत मी तुझ्या मॅनेजरच्या बाजूची आहे. पण रात्री हिरवी आणि सकाळी लाल म्हणजे तुला प्रोग्रामिंग येत नाही असं नव्हे. भाचा हसला. म्हणाला, “मावशी, त्यानं ‘पाच सेकंद थांब आणि बटण दाब’ असं लिहिलं असणार.” रात्री सर्व्हर मोकळा असतो, पाच सेकंद पुरतात. सकाळी सगळे कामाला बसले की पुरत नाहीत. दूध तापवताना आपण घड्याळ लावून गॅस बंद करत नाही, साय वर येताना बघतो. तसं ‘बटण दिसेपर्यंत थांब’ असं लिहायचं. दुसरं, बटणाचा पत्ता ‘तिसऱ्या चौकटीतला दुसरा रकाना’ असा देऊ नकोस, मध्ये एक चौकट वाढली की स्क्रिप्ट शेजारच्या घरात शिरते. डेव्हलपरला सांगून बटणाला कायमचं नाव घालून घे. या दोन गोष्टींसाठी तरी त्याच्याशी बोलावं लागेल. महिन्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जा आणि ज्यानं सिद्धेश्वर बंद केला त्याच्याच शेजारी तासभर बस. जाताना शेंगाचटणीचा पुडा ने. लाच म्हण हवं तर. पुण्यातल्या माणसाला सोलापूरची चटणी दिली की तो निदान तासभर तरी आपलं ऐकून घेतो, हा माझा बँकेतल्या ट्रेनिंगपासूनचा अनुभव आहे.

मागांच्या खडखडाटाला हसतात त्याचं काय? हसू दे. त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर रात्री सोलापुरी चादरच असते.

आता घर. बायकोचं वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलंस. मला त्यात तक्रारीपेक्षा वाट बघणं जास्त ऐकू आलं. ‘आमचा नंबर कधी’ असं विचारणाऱ्या बाईला अजून नंबर हवा आहे. विचारायचं बंद केल्यावर काळजी कर. संध्याकाळी तिच्या चुका काढणं मात्र आजपासून थांबव. ऑफिसात काय यायला हवं हे कुणीतरी लिहून दिलेलं असतं, त्याच्याशी ताडून तू चूक म्हणतोस. आमटीत मीठ किती हवं, डबा कुठल्या फळीवर हवा, याचा कागद तुमच्या लग्नात कुणी दिला होता का? मग चूक कुणाची म्हणायची? ती पण दिवसभर चाळीस पोरांच्या वह्या तपासून येते. घरी आल्यावर तिला तपासून घ्यायचं नसतं.

पुस्तकं विकायची नाहीत. पाळणा येईल तेव्हा एक कपाट माळ्यावर जाईल, तोपर्यंत आईला तेलुगूत काय सांगायचं ते तुझं तू बघ.

पण पुस्तकांबद्दल तू जे लिहिलंस त्यात एक लाज आहे, ती मला खटकली. बत्तिसाव्या वर्षी रोबोटच्या गोष्टी वाचतो हे सांगताना तू खाली मान घालतोस. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं एक कथा आली आणि तिला बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून बसलेले. तेव्हा ते पस्तिशी ओलांडलेले, नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ होते. नाव लपवलं ते कथेची लाज वाटली म्हणून नव्हे. परीक्षकांनी नावाकडे बघून बक्षीस देऊ नये म्हणून. पुढे आयुष्यभर विज्ञानकथा स्वतःच्या नावानं लिहिल्या. तू मात्र रात्री दोनला, दार लोटून, स्क्रिप्ट चालू ठेवून तिच्या आडून वाचतोस. मग बायकोला ते पुस्तक वाटत नाही, दार वाटतं.

आणि एक विचारते. कथेची चार पानं तू मला पाठवलीस, जिला तू कधी पाहिलेलं नाहीस. बायकोला दिलीस का? पत्रभर शोधलं, तसं कुठे लिहिलेलं दिसलं नाही. तीच तर मराठीच्या वह्या तपासते! पहिला वाचक घरात बसलाय आणि तू टपाल खर्च करतोयस. या रविवारी लॅपटॉप न उघडता तिला घेऊन सिद्धेश्वर तळ्यावर जा, देवळाकडच्या पायऱ्यांवर बसा आणि पानं तिच्या हातात दे. वाचून दाखवू नकोस, तू भाषण करशील. तिला तिच्या गतीनं वाचू दे. कंटाळली तर कंटाळली, तो शेराही घे. त्यावर ‘नॉट अ बग’ म्हणायचं नाही.

ती पानं मीही वाचली. मागावर विणलेल्या चादरीच्या नक्षीतून दूरच्या ग्रहाचा निरोप येतो, ही कल्पना मला आवडली. मागवाले काका तर थेट आमच्या गल्लीतले वाटले. एक बग मात्र सापडला. पान तीन, दुसरा परिच्छेद: सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली आहे, सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, निघाले आहेत, आणि सिद्धेश्वर तळं कोरडंठाक पडून तळाशी ते यंत्र दिसतंय. गड्डा संक्रांतीला, म्हणजे जानेवारीत. पावसाळा संपून तीन-चारच महिने झालेले. तेव्हा तळ्यात पाणी असायला हवं. पान एक आणि दोन बरोबर आहेत. एक तर यात्रा काढ, नाहीतर यंत्र पाण्याखालीच ठेव. दुरुस्त करून पुढची पानं पाठव, ते यंत्र बाहेर कोण काढतं हे मला कळायला हवं.