वाचकांचे प्रश्न : घड्याळातले ठोके आणि नाडीचे ठोके

प्रश्न : वडील 68 वर्षांचे आहेत, रक्तदाबासाठी रोज मेटोप्रोलॉल घेतात. सकाळी चालताना त्यांचं स्मार्टवॉच 84 ठोके दाखवतं आणि मध्येच एकदम 116. शिवाय ‘व्यायामाचा जोर कमी’ अशी सूचनाही येते. खरं काय धरायचं? (सांगली)

उत्तर : आधी 116 चा छडा लावू. घड्याळाच्या तळचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताचं कमी-जास्त होणं टिपतो. पट्टा सैल असला की हाताच्या झोक्याबरोबर घड्याळ सरकतं, सेन्सरला दर पावलागणिक तशीच लाट दिसते आणि तो ठोक्यांऐवजी पावलं मोजू लागतो. झपझप चालताना मिनिटाला 100 ते 120 पावलं पडतात. हा आकडा नाडीचाही असू शकतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. असा आकडा दिसला की 15 सेकंदांतली पावलं मोजून चौपट करा. मग थांबून लगेच, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून 15 सेकंद नाडी मोजा. उशीर नको, थांबल्यावर नाडी भराभर उतरते. घड्याळ पावलांशी जुळलं आणि नाडीशी नाही, तर दोष पट्ट्याचा. पण बोटांना ठोके अनियमित लागले, तर पूर्ण 60 सेकंद मोजा आणि ईसीजी काढून घ्या. तिथे घड्याळाला दोष देऊन मोकळं होऊ नये.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं कोपराकडे बांधा. पट्टा सरकू नये, पण वळही उठू नये. उतारवयात त्वचा नाजूक होते, म्हणून चालून आल्यावर तो सैल करा. काठी असेल तर घड्याळ दुसऱ्या हातात. वॉकरवर मात्र दोन्ही मुठी आवळलेल्या असतात आणि हात हलत नाहीत, त्यामुळे पावलंही कमी भरतात. अशांना ठोके मोजायला छातीवर बांधायचा सेन्सरचा पट्टा बरा.

आता ‘जोर कमी’. बरीच घड्याळं ठोक्यांची कमाल 220 वजा वय अशी धरतात, म्हणजे वडिलांसाठी 152. मुळात हे सूत्र ढोबळ, त्यात मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर आहे. ते ठोके फारसे वाढू देत नाही. घड्याळाचं ऐकून वडील 152 च्या 70 टक्क्यांच्या, म्हणजे 106 च्या मागे लागले, तर नकळत झेपेल त्याहून जास्त दमतील. चालताना सलग बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा जोर पुरे. आकडाच हवा असेल तर नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून केलेल्या ट्रेडमिल टेस्टमधली कमाल डॉक्टरांकडून घ्या आणि अ‍ॅपमध्ये स्वतः भरा. घड्याळात आकडा चढावा म्हणून गोळी चुकवणं धोक्याचं.

प्रश्न : छातीचा पट्टा पहिली पाच मिनिटं 190 वगैरे दाखवतो, मग ताळ्यावर येतो. बिघडलाय का? (नाशिक)

उत्तर : बहुधा नाही. कोरड्या त्वचेवर इलेक्ट्रोडचा, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या बाजूच्या ठोके टिपणाऱ्या भागाचा, संपर्क नीट होत नाही. घाम आला की होतो. बांधण्याआधी इलेक्ट्रोड पाण्याने ओले करा. सिंथेटिक बनियन घासूनही खोटे ठोके उमटतात. तरीही आकडे उड्या मारत राहिले तर बॅटरी बदला, आणि नाडी हाताने मोजून पाहा.

प्रश्न : आईला पेसमेकर आहे. घड्याळ चालेल का? (ठाणे)

उत्तर : सहसा चालतं. मात्र चार्जरमध्ये आणि काही पट्ट्यांमध्ये चुंबक असतो, म्हणून घड्याळ आणि चार्जर पेसमेकरपासून किमान 15 सेंटिमीटर लांब ठेवा. छातीवर घड्याळ ठेवून झोपू नये. शरीरातली चरबी मोजणारी सोय वापरू नका. ती अंगातून बारीक वीजप्रवाह सोडते. आणि चालताना छातीत दडपण किंवा चक्कर आली तर आकडा नॉर्मल असला तरी थांबायचं, कारण हृदयविकाराचा झटका घड्याळाला ओळखता येत नाही. दडपण थांबूनही राहिलं, तर 108 ला फोन करा.