रहिवासी संघ काढला तर डंपर थांबतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलनीतल्या पाच-सहा जुन्या इमारती एकदम पुनर्विकासाला निघाल्यात, अरुंद रस्त्यावर दिवसभर डंपर, संध्याकाळी पार्किंगवरून भांडणं. अशा वेळी रहिवाशांनी संघ काढून उपयोग होतो, की नुसत्या मीटिंगा होतात?

मीटिंगा तर होतातच. पुण्यातल्या एका जुन्या वसाहतीत आम्ही सतरा सोसायट्यांनी मिळून नागरिक मंच काढला. पहिल्या दिवसापासून मी त्याची चिटणीस आहे. पहिलं वर्ष आमचं चहा, पोहे आणि ठराव यांतच गेलं, कारण आम्ही 'बांधकामं थांबवा' एवढंच म्हणत होतो.

ती थांबत नाहीत, कारण बहुतेक नियमात बसतात. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात इमारत किती मोठी होणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. पुण्यासारख्या महापालिकेत, गावठाणाबाहेर, नऊ ते बारा मीटरच्या रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) 1.10, पैसे भरून 0.50 आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) 0.40. झाले दोन. त्यावर निवासी इमारतीला जिने, बाल्कन्या वगैरेंसाठी 60 टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र, म्हणजे अ‍ॅन्सिलरी. म्हणजे हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर 3200 चौरस मीटर. जिथे सोळा बिऱ्हाडं आणि चार बजाजच्या स्कूटरी होत्या तिथे चाळीस फ्लॅट येतात, गाड्या तुम्हीच मोजा. रस्ता तोच.

आणि रस्ता नऊ मीटरच्या आत असेल तर टीडीआर नाही. म्हणून 2020 मध्येच पुण्यात सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला, तेव्हा आमच्यातले निम्मे लोक खूश झाले होते. रस्ता मोठा होतोय ना! पण महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली सरकते ती रस्त्याच्या हद्दीची कागदावरची रेषा. जो प्लॉट नव्याने बांधला जातो तो दीड मीटर मागे जातो, शेजारचा बंगला आहे तिथेच राहतो. असा मधेच रुंद, मधेच अरुंद रस्ता गाड्या लावायला सोयीचा, चालवायला नाही. अशा बदलाची जाहीर सूचना निघते, हरकतीला साधारण महिनाभर मिळतो. पेपरातल्या त्या बारीक टाइपातल्या सूचना वाचायला एक माणूस नेमा. आमच्याकडे हे काम निवृत्त बँक मॅनेजर करतात, आणि त्यांना ते मनापासून आवडतं.

दुसऱ्या वर्षी आम्हाला एक गोष्ट कळली. बिल्डरला मंचाची भीती नसते. ज्या सोसायटीची इमारत तो बांधतोय तिच्या चेअरमनची थोडी असते, तीही करारावर सही होईपर्यंतच. त्यामुळे जी सोसायटी पुनर्विकासाला निघेल तिच्या सर्वसाधारण सभेआधी आम्ही एक पानभर मागण्या देतो आणि त्या बिल्डरबरोबरच्या विकसन करारात घालायला सांगतो. शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर आणायचे नाहीत. गेटबाहेर पडताना चाकं धुवायची. राडारोडा रस्त्यावर टाकायचा नाही. मजुरांसाठी आत संडास हवा. कामावरच्या लोकांच्या गाड्या आतच. सहापैकी चार सोसायट्यांनी हे घातलं. उरलेल्या दोघींनी 'बिल्डर नाराज होईल' म्हणून घातलं नाही, आणि आता सगळ्यात जास्त तक्रारी त्याच दोन सोसायट्यांच्या सभासदांकडून येतात. रात्री दहानंतर मशिन चाललं तर मात्र कराराची वाट बघू नका, सरळ पोलिसांना फोन. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे.

रस्त्याच्या बाबतीत आधी हे ठरवा की तक्रार कोणाची. खड्डा, फूटपाथ, गटार, दिवा हे महापालिकेचं. एकेरी वाहतूक, सम-विषम पार्किंग, जड वाहनांना बंदी हे वाहतूक पोलिसांचं. पोलिसांचा आदेश आधी तात्पुरता निघतो आणि त्यावरही हरकती-सूचना मागवतात, तेव्हा सह्यांचा गठ्ठा द्या. आम्ही वर्षभर चुकीच्या टेबलावर अर्ज देत होतो आणि 'कोणी ऐकत नाही' म्हणत होतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, नुसता व्हॉट्सअ‍ॅप पाठवून काही होत नाही.

स्पीडब्रेकरचा हट्ट धरू नका. आम्ही धरला. जो झाला तो जवळजवळ उभा होता आणि पहिल्याच पावसात दोन आजोबा स्कूटरवरून पडले. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच असं आहे. मागायचाच असेल तर अर्जात हे माप लिहा.

तुमच्या आसपास 20,000 चौरस मीटरच्या वर बांधकामाचा प्रकल्प येत असेल तर त्याला पर्यावरण मंजुरी लागते. तिच्या अटी केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर वाचता येतात, आणि अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो मागा. माहिती अधिकाराचा अर्ज मंचाच्या नावाने नको, एखाद्या व्यक्तीच्या नावाने करा. तो हक्क नागरिकाचा आहे.

नगरसेवकाच्या भरवशावरही फार राहू नका. पुण्यात मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासक होता. त्या काळात ज्या रहिवाशांकडे पोच घेतलेल्या अर्जांची फाइल होती त्यांचीच कामं झाली.

एक गोष्ट मात्र पहिल्याच बैठकीत उघड बोलून घ्या. मंचात बसलेल्या प्रत्येकाला शेजारची इमारत लहान हवी असते आणि स्वतःची मोठी. मीही त्यातलीच. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला तेव्हा 51 टक्के संमती पुरेशी होती, पण पहिल्या दहा सह्यांत माझी सही आहे. लिफ्ट नाही, गुडघे दुखतात, काय करणार? मंचाच्या इतिवृत्तात मी ते स्वतःच्या हाताने नोंदवलं. पुढच्या महिन्यात आमची इमारत पाडतायत. शाळेच्या वेळांची अट करारात आहे, मीच घालून घेतली. तरी समोरच्या बंगल्यातले काका सध्या माझ्याशी बोलत नाहीत.