कृपेने की दयेने?

एका ताईंनी विचारलं आहे: मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याचं निमंत्रण त्या मराठीत लिहून देत होत्या. ‘देवाच्या दयेने आम्हांला पुत्रलाभ झाला’ असं त्यांनी लिहिलं. मैत्रिणीच्या आजीनं ते वाचलं आणि ‘दयेने’ खोडून ‘कृपेने’ करायला लावलं. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच ना, मग आजींचा आग्रह कशासाठी? आणि भारदस्त म्हणून ‘अनुग्रहाने’ लिहिलं तर चालेल का?

आजींचं बरोबर आहे. रोजच्या बोलण्यात आपण ‘देवाची दया’ आणि ‘देवाची कृपा’ एकाच दमात म्हणतो, पण मराठी बायबलात हे दोन शब्द वेगळे ठेवलेले आहेत. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याची पत्रं बायबलात आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या आरंभी ‘कृपा व शांती’ असा आशीर्वाद येतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांत मात्र तो ‘कृपा, दया व शांती’ असा तिहेरी आहे. एकाच ओळीत दोन्ही शब्द आल्यावर ते एकमेकांचे पर्याय आहेत असं म्हणता येत नाही.

फरक समजायला बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट सर्वांत उपयोगी. वाट्याचा पैसा उडवून, डुकरांमागे फिरून, उपाशीपोटी मुलगा घरी निघतो. बापाला काय सांगायचं ते त्यानं वाटेतच ठरवलेलं असतं: मी मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला गड्यासारखं ठेवा. हे दया मागणं झालं. पोटाला मिळावं, हाकलू नये, एवढंच. आता लूकच्या शुभवर्तमानातला हा प्रसंग नीट वाचा. बापासमोर उभा राहिल्यावर मुलाचं बोलणं ‘लायकीचा नाही’ इथपर्यंतच येतं. गड्यासारखं ठेवण्याची विनंती त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. बाप तोवर चाकरांना हाका मारत असतो, झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला. ही कृपा. मागितलेल्याच्या पलीकडची, आणि मागणं पुरं होण्याआधीच आलेली. दयेनं मुलाला गोठ्यात जागा मिळाली असती. कृपेनं तो पंगतीत बसला.

आता शब्दाच्या मुळाकडे जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. संस्कृतात ‘कृपा’चं मूळ कळवळण्याशी, शोक करण्याशी जोडलेलं आहे. ‘कृपण’ हा त्याच कुळातला. आज आपण तो चिक्कू माणसासाठी वापरतो, पण आधी त्याचा अर्थ ‘कीव यावी असा, दीन’ असा होता. गीतेच्या पहिल्या अध्यायात स्वकीयांना समोर पाहून अर्जुन ‘कृपया परयाविष्टः’ होतो, म्हणजे अतीव कळवळ्यानं भरून जातो. आपण पाटीवर ‘कृपया रांगेत उभे राहावे’ लिहितो ते रूप हेच, कृपेची तृतीया. महाभारतातल्या कृपाचार्यांचं नावही असंच पडलं: वनात सापडलेल्या बाळांना शंतनूनं कृपेनं वाढवलं म्हणून भाऊ कृप आणि बहीण कृपी. म्हणजे मुळात बघितलं तर कृपा ही दयेची सख्खी बहीणच होती.

नव्या करारात, म्हणजे बायबलाच्या दुसऱ्या भागात, मराठीत जिथे ‘कृपा’ येते तिथे मूळ ग्रीक शब्द आहे ‘खारिस’. त्याचं नातं शोकाशी नाही, आनंदाशी आहे. ‘खारा’ म्हणजे आनंद, तो याच धातूचा. खारिस म्हणजे प्रसन्न होऊन दिलेलं देणं, आणि ते मिळाल्यावर मानलेले आभारही. आजही ग्रीक माणूस ‘एफखारिस्तो’ म्हणून आभार मानतो. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, ‘युखरिस्त’ म्हणतात त्यातही हाच शब्द बसलेला आहे. जेवणाआधीच्या प्रार्थनेला आपल्याकडची ख्रिस्ती घरं ‘ग्रेस म्हणणं’ म्हणतात, ते लॅटिनमधून आलेलं, पण देणं आणि आभार यांची जोडी तिथेही तशीच. हिब्रूतला या अर्थाचा धातू तर माणसांच्या नावांत शिरला: हन्ना म्हणजे कृपा, योहान म्हणजे ‘परमेश्वर कृपाळू आहे’.

तर प्रश्न असा, की कळवळ्याच्या शब्दात हा आनंदाचा अर्थ ओतला कसा गेला? माझं मत असं, की ते काम ख्रिस्ती लेखकांच्या आधीच भक्तीच्या मराठीनं करून ठेवलं होतं. तुकोबांची ओळ आठवा: ‘सत्य गुरुरायें कृपा मज केली । परी नाहीं घडली सेवा कांहीं’. सेवा काहीच घडली नाही आणि तरीही कृपा झाली. त्या ‘परी’त सगळं आलं. इथे कीव नाही, व्यवहारही नाही, नुसतं देणं आहे. गोव्यात राचोलला १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर थॉमस स्टीफन्स आरंभीच देवाला ‘कृपानिधि करुणाकरु’ म्हणतात. कृपा आणि करुणा शेजारी शेजारी, पण दोन वेगळे शब्द. चारशे वर्षं जो शब्द ख्रिस्ती ओठांवर आहे तो उसना कसा म्हणायचा? नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, ते तर तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी आलो असंच सांगत. कोकणीनं हा शब्द इतका घरचा केला की त्याचं रूपच बदललं. गोव्यातली ख्रिस्ती माणसं ‘कुर्पा’ म्हणतात आणि मरियेला ‘कुर्पेन भरलेले’ अशी हाक मारतात. ऋकारातला र पुढे सरकला, पण अर्थ तोच राहिला. मला हे रूप फार आवडतं. ते पोथीतून आलेलं वाटत नाही, तोंडात घोळून घोळून गुळगुळीत झालेलं आहे.

एक गैरसमज मात्र काढायला हवा, कारण तो ‘ग्रेस’ या शब्दातूनच आला आहे. दहावीला पस्तीसला दोन-तीन गुण कमी पडले की ‘ग्रेस’ देऊन पास करतात. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, ख्रिस्ती कृपा म्हणजे तसेच वाढीव गुण: बत्तीस आपण मिळवायचे, तीन देव घालणार. पौलाचं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. इफिसकरांस पत्रातली तारणाविषयीची, म्हणजे उद्धाराविषयीची, ओळ अशी: ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे’. यातल्या विभक्ती पाहा. ‘कृपेने’ ही तृतीया, म्हणजे साधन. ‘विश्वासाच्या द्वारे’ म्हणजे ते ज्या वाटेनं येतं ती वाट. मी विश्वास ठेवला, त्याचं बक्षीस म्हणून कृपा मिळाली, असं ही ओळ म्हणत नाही. आणि क्रियापद ‘करता’ किंवा ‘कराल’ नाही, ‘झालेले आहे’ असं आहे. कर्तेपण आपल्याकडे नाही. ग्रीकमधलं पूर्णत्वाचं कर्मणी रूप मराठीत इतक्या सहज उतरलेलं पाहून मला अनुवादकांना हात जोडावेसे वाटतात.

मग माणसानं करायचं काहीच नाही का? याचंही उत्तर एका क्रियापदात आहे. खारिसवरून ग्रीकमध्ये ‘खारिझोमाई’ झालं, शब्दशः ‘कृपा करणे’. त्याच पत्रात पुढे पौल लिहितो की देवानं तुम्हांला क्षमा केली तशी तुम्ही एकमेकांना करा, तिथे मुळात हेच क्रियापद आहे. मराठीत आपण ते ‘क्षमा करणे’ असं वाचतो, म्हणून कृपेशी असलेलं त्याचं नातं नजरेआड होतं. हे क्रियापद आपल्या जवळपास कसं जगलं गेलं, ते मध्य प्रदेशात दिसतं. इंदूरजवळ १९९५ साली सिस्टर राणी मारिया यांची बसमध्ये हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण, तीही संन्यासिनी, २००२ साली तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याच्या हाताला तिनं राखी बांधली. त्याला दया दाखवायची तर शिक्षा कमी करा म्हणणं पुरलं असतं. राखीनं तो भाऊ झाला.

राहिला ‘अनुग्रह’. शब्द चुकीचा मुळीच नाही. हिंदी बायबलात या ठिकाणी ‘अनुग्रह’च आहे. पण मराठीत ‘अनुग्रह घेतला’ म्हटलं की गुरुमंत्र डोळ्यांपुढे येतो, आणि पत्रिका वाचणारे विचारतील, कोणत्या महाराजांचा? शिवाय अनुग्रह घ्यावा लागतो. कृपा होते.

तेव्हा ताई, ‘देवाच्या कृपेने’ तसंच राहू द्या. बाळ अजून काही आठवड्यांचं आहे. त्यानं ना काही मिळवलं आहे, ना काही मागितलं आहे. आजींनी नेमका शब्द निवडला. ‘पुत्रलाभ’ मात्र काढून ‘पुत्र दिला’ करता आलं तर बघा. ‘लाभ’ जमाखर्चाच्या वहीतला वाटतो, आणि ‘कृपेने’च्या शेजारी ‘दिला’ जास्त शोभेल.