नवीन बांधलेलं जिप्सीचं रेसिंग इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर किती वेळ आयडलवर (रेस न देता, मंद गतीने) चालू ठेवावं?

ठेवूच नका. तुमचे मिस्त्री म्हणतात, "रात्रभर सोडून द्या, मोकळं होईल." हेच वाक्य मी कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मित्राची जिप्सी किंग, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह. नवे पिस्टन, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमही वेगळा. नारळ फुटला आणि थोरले मिस्त्री थेट चावी मारायला निघाले. मी आडवा गेलो. "काका, आधी प्लग काढू." पाना लावून क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, कुठे अडत नाही ना ते पाहिलं. असा कॅम टाकल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडला तर सगळं संपलं. मग पेट्रोल पंप आणि इग्निशन बंद करून थांबत थांबत सेल्फ मारला. ऑइल प्रेशरचा काटा बराच वेळ हलेना. काका म्हणाले, "अरे, चालू कर, आपोआप चढतंय." चढतं, पण तोवर शेल (क्रँकची बेअरिंग) कोरडे घासतात त्याचं काय? काटा उठला तेव्हाच प्लग बसवले.

सुरू झाल्याबरोबर २००० आरपीएमवर नेलं आणि १५०० ते २५०० मध्ये खालीवर करत राहिलो. काका भडकले. "नव्या इंजिनला एवढी रेस?" आमचा खरा वाद तिथेच पेटला. पिस्टनची रिंग बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, दाबली जाते ती जळत्या वायूच्या दाबाने, आणि आयडलवर तो दाब फारच कमी असतो. होनिंगच्या (बोअरवर मुद्दाम पाडलेल्या) रेघा नुसत्या झिजतात, रिंग बसत नाही. म्हणून इंजिन गरम झालं, गळती तपासली, की लगेच कागलच्या बाजूला हायवेवर काढलं. तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलने ४००० पर्यंत ओढायचं, पाय काढून गाडी इंजिनवर उतरू द्यायची, पुन्हा ओढायचं. परत येऊन ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले.

त्याच गॅरेजमध्ये पुढे दुसरं इंजिन काकांच्या पद्धतीने रात्रभर आयडलवर ठेवलं गेलं. ते निळा धूर टाकायला लागलं, म्हणजे ऑइल जळायला लागलं. उघडलं तर बोअर आरशासारखे गुळगुळीत. काकांनी दोष रिंगांच्या कंपनीला दिला. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्यांचा हात सोन्याचा होता, पण ही सवय चुकीचीच.

ऑइल साधं मिनरल घाला, सिंथेटिक नंतर. इंजेक्टर मोठे टाकले असतील तर ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) पेट्रोलचा मॅप आधी जुळवा, नाहीतर जादा पेट्रोल बोअरवरचं ऑइल धुऊन नेतं. टर्बो असेल तर त्यालाही आधी ऑइल पोचवा. कोटिंगचे बोअर असतील तर बांधणाऱ्याने सांगितलेलंच करा, माझा अनुभव लोखंडी बोअरचा आहे. आणि सुरू केल्यावर काही सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर कुणाचंही न ऐकता चावी बंद करा.