चौकशीला नेलं आणि दोन रात्री ठाण्यातच ठेवलं, मग मूलभूत हक्कांचं काय?

तुम्ही लिहिलंय की गेल्या महिन्यात संध्याकाळी सातच्या सुमारास पोलीस तुमच्या धाकट्या भावाला "चौकशी करून सोडतो" म्हणून घरातून घेऊन गेले. दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवलं, तिसऱ्या दिवशी अटक दाखवून कोर्टात उभं केलं. आता तो जामिनावर सुटलाय, आणि शाळेत पाठ केलेले मूलभूत हक्क खरंच असतात का, असं तुम्ही विचारताय.

असतात. तुम्ही सांगता तसंच घडलं असेल तर भावाला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजताच त्याच्या हक्काचा भंग झाला. मी चौदा वर्षं तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. "अटक नाही हो, फक्त चौकशीला बसवलंय" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच ऐकलेलं नाही.

संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्या माणसाला तीन गोष्टी मिळायलाच हव्यात: अटकेचं कारण, आपल्या पसंतीचा वकील, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर होणं. हा अनुच्छेद संविधानात कसा आला हे माहीत असावं. व्यक्तिस्वातंत्र्याचा आजचा अनुच्छेद २१ घटना समितीत मंजूर झाला तेव्हा अनेक जण नाराज होते. 'कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने' स्वातंत्र्य काढून घेता येईल असं त्यात होतं, मग उद्या विधिमंडळाने वाटेल तशी पद्धत ठरवली तर? ही नाराजी बाबासाहेबांनी मनावर घेतली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी नवा अनुच्छेद मांडला आणि आधी जे झालं त्याची ही भरपाई आहे, असं सभागृहात सांगितलं. तोच पुढे अनुच्छेद २२ झाला. चोवीस तासांचा नियम ब्रिटिशांच्या फौजदारी संहितेतही होता, पण संहिता साध्या बहुमताने बदलता येते. तो मूलभूत हक्कांच्या भागात गेल्यामुळे त्याला हात लावणं फार अवघड झालं.

आता पळवाट. चोवीस तास कधीपासून मोजायचे? पोलीस म्हणतात, स्टेशन डायरीत अटकेची नोंद झाली तेव्हापासून. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच हे अमान्य केलंय. माणसाच्या फिरण्यावर बंधन आलं, त्याला उठून जाता येईना, की अटक सुरू झाली. अधिकाऱ्याने कागदावर कोणती वेळ टाकली त्याला अर्थ नाही. ते प्रकरण कस्टमचं होतं, पण तत्त्व तेच. तुमच्या भावाला "घरी जाऊन येतो" म्हणायची मुभा होती का? नसेल, तर घड्याळ सातलाच सुरू झालं. नुसतं चौकशीलाच बोलवायचं असेल तर त्यासाठी लेखी नोटीस देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. अशी नोटीस तुमच्या घरी कुणी दिल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

भावाला एक गोष्ट जरूर विचारा. पहिल्यांदा कोर्टात उभं केलं तेव्हा मॅजिस्ट्रेट साहेबांनी "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" असं विचारलं असेल. तो काय म्हणाला?

या प्रश्नामागे मोठी गोष्ट आहे. शीला बर्से या पत्रकार. त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा महिला कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८३ मध्ये महाराष्ट्रासाठी आदेश दिले: बायकांना वेगळ्या कोठडीत आणि महिला पोलिसांच्या पहाऱ्यात ठेवा, अटकेची खबर नातेवाइकांना आणि कायदेशीर मदत देणाऱ्या समितीला लगेच द्या, आणि आरोपी समोर आला की कोठडीत छळ झाला का हे मॅजिस्ट्रेटने त्याला विचारावं, वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हेही सांगावं.

मी हा प्रश्न कोर्टात रोज ऐकते, आणि "नाही साहेब" हे उत्तरही. ज्या हवालदाराने आणलं तो हातभर अंतरावर उभा असतो आणि पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाला तर त्याच्याच गाडीतून परत जायचं असतं. म्हणून मी रिमांडच्या, म्हणजे कोठडी द्यायची का हे ठरवणाऱ्या सुनावणीच्या, आधी दोन मिनिटं मागून घेते आणि आरोपीला एवढंच सांगते: कधी उचललं ती वेळ बोल. मार खाल्ला हे सांगायला धीर लागतो, वेळ सांगणं त्यामानाने सोपं जातं. एका पोराने "परवा रात्री जेवताना" एवढंच सांगितलं, साहेबांनी ते रिमांडच्या कागदावर टिपून घेतलं आणि तपासी अधिकाऱ्याला तिथल्या तिथे खुलासा मागितला. त्या पोराला एमसीआर, म्हणजे पोलिसांच्या ताब्याऐवजी न्यायालयीन कोठडी, मिळाला.

अटकेची कारणंही आता लेखीच द्यावी लागतात. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की गुन्हा कोणताही असो, कारणं अटक झालेल्या माणसाला समजेल अशा भाषेत लेखी द्या. तातडीमुळे आधी तोंडी सांगावी लागली तर रिमांडच्या निदान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. याच अनुच्छेद २२ च्या उत्तरार्धात प्रतिबंधक स्थानबद्धता आहे, म्हणजे पुढे गुन्हा करेल या शक्यतेवरून आधीच डांबून ठेवणं. एमपीडीए या महाराष्ट्रातल्या धोकादायक गुंडांविरुद्धच्या कायद्यासारख्या कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्याला चोवीस तासांचं संरक्षण मिळत नाही. माझ्या मते आपल्या मूलभूत हक्कांमधलं हे सगळ्यात मोठं भगदाड आहे. तुमच्या भावाचं प्रकरण मात्र त्यातलं नाही.

आता काय करता येईल? बेकायदा डांबून ठेवलं म्हणून मूळ गुन्हा आपोआप रद्द होत नाही, ही आशा धरू नका. पण उच्च न्यायालयात रिट याचिका करून नुकसानभरपाई मागता येते. कोठडीत मुलगा गमावलेल्या ओडिशातल्या एका आईला सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दीड लाख रुपये द्यायला लावले, तेव्हापासून ही वाट पक्की आहे. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, मात्र घटनेपासून वर्षाच्या आत.

त्याआधी या आठवड्यात एक काम करा. प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही असावेत आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर जपावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. त्या दोन रात्रींचं चित्रण जपून ठेवा असा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे द्या, एक प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या. भावाच्या फोनचं लोकेशन आणि त्याला नेताना पाहणाऱ्या शेजाऱ्यांची नावंही त्यात लिहा. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा किंवा तालुका विधी सेवा समितीत जा, मदत फुकट मिळते. आणि अर्जाच्या तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका.