लिव्हरमधली गाठ: सीटी, एमआरआय की कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, बाबा ६२ वर्षांचे आहेत, हिपॅटायटिस बी मुळे लिव्हर सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं) झालाय. आत्ताच्या सोनोग्राफीत १.८ सेंटीमीटरची गाठ निघाली. डॉक्टरांनी ट्रिपल फेज सीटी सांगितलाय, चुलतभाऊ म्हणतो थेट एमआरआयच करा. त्यात बाबांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.६, कॉन्ट्रास्टने किडनी जाईल म्हणून आई घाबरलीय. काय करू?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर: ताई, आधी कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत रक्तप्रवाह उठून दिसावा म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध, कशाला देतात ते सांगतो. लिव्हरला साधारण पाऊण रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून येणारी शीर) येतं आणि पाव हिपॅटिक आर्टरीतून (लिव्हरची धमनी), पण लिव्हर कॅन्सरची गाठ बहुतेक रक्त आर्टरीतूनच ओढते. म्हणून कॉन्ट्रास्ट दिल्यावर ३५ सेकंदांच्या आसपास गाठ चमकते आणि नंतर, मिनिटभराने किंवा ३ ते ५ मिनिटांनी, बाकीचं लिव्हर उजळ राहतं नि गाठ काळी पडते, यालाच वॉशआउट म्हणतात. सिरॉसिसच्या पेशंटमध्ये १ सेंटीमीटरच्या वरच्या गाठीत हे दोन्ही स्वच्छ दिसलं तर बऱ्याचदा बायोप्सीचीही (सुईने तुकडा काढून तपासणं) गरज पडत नाही.

आता तुमच्या चुलतभावाचं म्हणणं. २ सेंटीमीटरच्या आतल्या गाठी एमआरआयमध्ये जास्त सापडतात हे खरंय, माझाही कल तिकडेच आहे, पण बाबांना श्वास रोखून धरता आला पाहिजे. पोटात पाणी असेल, धाप लागत असेल तर फोटो हलतात आणि मग पटकन होणारा सीटीच बरा. एमआरआयसाठीचं प्रिमोव्हिस्ट नावाचं कॉन्ट्रास्ट लिव्हरच्या पेशी शोषून घेतात, २० मिनिटांनी काढलेल्या फोटोत बारीक गाठीसुद्धा उठून दिसतात, मात्र काही पेशंटचा श्वास नेमका आर्टरी फेजलाच, म्हणजे गाठ चमकते त्या वेळच्या फोटोंनाच, चुकतो आणि तीच फेज सगळ्यात महत्त्वाची.

कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत गॅसचे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून देतात, तो गॅस श्वासावाटे बाहेर पडतो, किडनीवर काही भार नाही. गाठ चमकताना डोळ्यांसमोर दिसते. वॉशआउट मिनिटानंतर आणि हलकासा आला तर लिव्हरचाच कॅन्सर असण्याची शक्यता जास्त, मिनिटाच्या आत आला तर दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरचा संशय घ्यावा लागतो. पण एका वेळी एकच गाठ बघता येते, अख्खं लिव्हर नाही, त्यामुळे सीटी किंवा एमआरआयमध्ये नक्की कळलं नाही तर ही करायची.

किडनीचं म्हणाल तर नुसतं क्रिएटिनिन बघू नका, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) विचारा. बाबांचा हिशोबाने ४८ च्या आसपास येतो, ३० च्या वर असेल तर सीटीचा धोका कमी असतो. फक्त सिरॉसिसमध्ये स्नायू झिजतात म्हणून क्रिएटिनिनवरून किडनी असते त्यापेक्षा बरी दिसते, तेव्हा हे डॉक्टरांशी बोला आणि दुखण्याच्या गोळ्या परस्पर अजिबात देऊ नका.

सेंटरवाल्यांना स्पष्ट विचारा, आर्टरी, पोर्टल आणि डिलेड (म्हणजे ३५ सेकंदांच्या आसपास, मिनिटभराने आणि ३ ते ५ मिनिटांनी) तिन्ही फेज काढणार ना? एमआरआयची तारीख महिन्याने मिळत असेल तर थांबू नका, सीटी करून घ्या. जुने रिपोर्ट, सीडी आणि एएफपीचा (लिव्हर कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) रिपोर्ट सोबत न्या.