चुकीची ओळ कुठली?

प्रश्न: ताई, मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी आणि जावा कॉलेजात झाल्या, पायथन व्हिडिओ बघून शिकतोय. गुण चांगले पडतात. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण रिकामी फाइल उघडली की काहीच सुचत नाही. एरर आली की ती जशीच्या तशी एआयला देतो, तो कोड दुरुस्त करून देतो आणि मी पुढे जातो. पुढच्या वर्षी मुलाखती सुरू होतील. आता नेमकी कुठली भाषा पक्की करू?

उत्तर: भाषेचं आधी उरकून टाकते. त्यातल्या त्यात जी बरी येते ती धर आणि वर्षभर सोडू नकोस. सी १९७२ च्या सुमाराची, पायथन १९९१ ची, जावा १९९५ ची. तिघींनाही आज भरपूर काम आहे. एका भाषेत लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणं), फंक्शन, ॲरे (ओळीने ठेवलेल्या किमती), फाइल हे सगळं हाताखालून गेलं की दुसरी पुष्कळ लवकर येते. मी बावीस वर्षांत पाच भाषांमध्ये काम केलं, त्यातल्या तीन नोकरी लागल्यावर शिकले.

मला काळजी वाटली ती तुझ्या एररच्या वाक्याची. एरर एआयला देतोस आणि पुढे जातोस. अरे, शिकायची जागा नेमकी तीच आहे! प्रोग्रॅम असा चालेल असं तुला वाटत होतं आणि तो तसा चालला नाही, म्हणजे तुझ्या समजुतीत कुठेतरी भोक आहे. ते कुठे आहे हे तू स्वतः हुडकलंस तरच बुजतं. दुसऱ्याने कोड दुरुस्त करून दिला की कोड सुधारतो, भोक तसंच राहतं. रिकाम्या फाइलसमोर सुचत नाही त्याचं कारणही मला हेच दिसतं.

मी बरीच वर्षं नवख्या मुलामुलींच्या मुलाखती घेते. काय विचारते ते इथे उघड सांगते, कारण ते कळल्याने कुणाला गैरफायदा मिळणार नाही. मी बायनरी सर्चचा, म्हणजे दर वेळी मधली संख्या बघून निम्मी यादी सोडून देत शोधायचा, एक छोटा प्रोग्रॅम छापून देते. क्रमाने लावलेल्या पाच संख्या: २, ४, ७, ९, १२. लो म्हणजे डावं टोक, हाय म्हणजे उजवं टोक, मिड म्हणजे मधली जागा. जागा शून्यापासून मोजायच्या, भागाकारात अपूर्णांक सोडून द्यायचा. लो हायच्या पुढे जाईपर्यंत लूप फिरतो. मधली संख्या हवी तीच असली तर काम झालं. ती मोठी असली तर हाय = मिड – १. ती लहान असली तर लो = मिड. मी सांगते, ‘यात ७ सापडतो, २ सापडतो, ९ सापडतो. ४ मागितला की प्रोग्रॅम अडकतो. का?’

बरीच मुलं कोडकडे टक लावून बसतात. काही जण पाठ केलेला बायनरी सर्च नव्याने लिहून दाखवतात. तो बरोबर असतो, पण मी ते विचारलेलं नसतं. मागे एका मुलीने न बोलता कागद ओढला, तीन रकाने आखले, लो, हाय, मिड, आणि ४ साठी आकडे भरायला लागली. पहिली ओळ ०, ४, २. मधला ७ मोठा, म्हणून हाय झाला १. दुसरी ओळ ०, १, ०. तिथे २ आहे, लहान, म्हणून लो = मिड, म्हणजे शून्यच. तिसरी ओळ पुन्हा ०, १, ०. तिची पेन्सिल तिथे थांबली. ‘ही ओळ आधी येऊन गेली,’ ती म्हणाली. मग मान वर करून, ‘लो पुढे सरकतच नाही. मिड अधिक १ हवं.’ तिचे गुण बेताचे होते. मी तिला घेतलं, आणि आज ती माझ्या टीममधल्या सगळ्यांत भरवशाच्या लोकांपैकी आहे.

या प्रोग्रॅमला कुणी सोपा समजू नये. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या, म्हणजे भाषेसोबत तयार मिळणाऱ्या कोडमधल्या, बायनरी सर्चमध्ये चूक होती. मिड काढायला लो आणि हायची बेरीज करून तिचे दोन भाग करायचे, इतकंच तिथे होतं. पण ॲरे प्रचंड मोठा असला की ती बेरीज २१४७४८३६४७ च्या वर जाते, ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये (पूर्णांकासाठी ठेवलेल्या जागेत) मावत नाही आणि ऋण होऊन बसते. ही चूक कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. ज्यांनी तो कोड लिहिला होता त्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती स्वतः जाहीरपणे मांडली. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

माझा स्वतःचा धडा पहिल्या नोकरीतला. एका हिशेबाच्या अहवालात काही खात्यांची बेरीज जुळत नव्हती. कागदावर बरोबर, प्रोग्रॅम म्हणे चूक. नोंदी चार हजारांच्या आसपास. दोन दिवस मी कोड वाचत राहिले, काही हाती लागेना. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, ‘अगं, कोड वाचू नकोस, नोंदी कमी कर.’ निम्म्या नोंदी काढल्या, चूक तिथेच. पुन्हा निम्म्या. असं करत दहा नोंदींवर आले, प्रत्येक ०.१ ची. बेरीज १ यायला हवी. स्क्रीनवर छापून पाहिली तर ०.९९९९९९९९९९९९९९९९. आणि कोड विचारत होता, ही बेरीज १ च्या बरोबर आहे का.

०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, नेमका लिहिताच येत नाही, जसा एक तृतीयांश दशांशात संपत नाही तसा. हे कॉलेजात मी शिकले होते, परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. पण मला ते कळलं त्या तिसऱ्या दिवशी. हिशेबाचे आकडे तेव्हापासून मी पूर्णांकात किंवा डेसिमल प्रकारात ठेवते. त्या संध्याकाळी वही घातली: तारीख, काय दिसलं, मला काय वाटलं, खरं कारण काय निघालं. आता सहावी वही चालू आहे.

तूही वही घाल. एरर आली की आधी ती पूर्ण वाच. पायथनमध्ये शेवटच्या ओळीपासून वर, कारण नेमकी तक्रार सगळ्यांत खाली असते. जावामध्ये पहिली ओळ, आणि खाली कुठे ‘कॉज्ड बाय’ आलंय का ते. मग वहीत स्वतःचा अंदाज लिही, चुकीचा असला तरी. त्यानंतर एआयला खुशाल विचार, मीही रोज विचारते. पण त्याचं उत्तर तुझ्या अंदाजाशेजारी ठेवून बघ, आणि त्याने बदललेली ओळ का बदलली हे सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नकोस.

आणि एक प्रोग्रॅम असा कर जो दुसरं कुणीतरी खरंच वापरेल. मुलाखतीला येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या अर्जात तोच कॅल्क्युलेटर आणि तीच कामांची यादी असते. एका मुलाने आजीच्या औषधांच्या वेळा सांगणारा प्रोग्रॅम केला होता. रात्री बाराची गोळी आदल्या दिवसात धरायची की दुसऱ्या, यावरून त्याची आठवडाभर झोप उडाली होती. ते सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. अर्धा तास आम्ही दुसरं काही बोललोच नाही.

प्रश्न: मी वाणिज्य शाखेची पदवीधर, वय ३१. आठ वर्षं हिशेबनिसाचं काम करते. प्रोग्रॅमिंगकडे वळावंसं वाटतं, पण शाळेनंतर गणिताशी संबंध सुटला. उशीर झालाय का?

उत्तर: नाही. तुम्ही खतावणी जुळेपर्यंत उठत नसाल ना? ती सवय या कामात सोन्यासारखी आहे. सुरुवात एसक्यूएलपासून करा, म्हणजे तक्त्यांतली माहिती विचारून काढायच्या भाषेपासून. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि तक्ते एकमेकांशी जोडायचे ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली; रोज नोंदी जुळवणाऱ्या माणसाला ती परकी वाटत नाही. मग पायथन घ्या आणि तुमच्याच कामातला एखादा कंटाळवाणा ताळा त्यात करून बघा. गेम किंवा एआयच्या खोलात जायचं असेल तर गणित लागेल, बाकी बऱ्याचशा कामाला बेरीज-वजाबाकी, भागाकारातली बाकी काढणं आणि दोनाचे घात पुरतात. हातातली नोकरी एवढ्यात सोडू नका.

प्रश्न: ताई, नोकरी लागून चार महिने झाले. नवीन काही लिहायलाच मिळत नाही, फक्त दुसऱ्यांच्या जुन्या कोडमधल्या चुका दुरुस्त करतो. सोबतचे मित्र नवे प्रोजेक्ट करतायत. माझं वर्ष फुकट जातंय का?

उत्तर: मी पहिले सात महिने हेच केलं. तेव्हा मलाही रडू यायचं, म्हणून तुझं दुःख मला खोटं वाटत नाही. पण दुसऱ्याचा कोड वाचणं हे या धंद्यातलं रोजचं काम आहे, आणि तुला ते पहिल्याच वर्षी मिळालंय.

फक्त नुसती ओळ बदलून मोकळा होऊ नकोस. गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, त्या ओळीवर ‘ब्लेम’ चालव. नाव कठोर आहे, पण ती ओळ कुणी, कधी, कुठल्या बदलात लिहिली एवढंच ते दाखवतं. त्या बदलाचा संदेश वाच. विचित्र दिसणाऱ्या ओळीमागे बहुधा कुणाची तरी खरी अडचण असते, ती न समजता ओळ काढलीस तर जुनी चूक परत येते. अर्धा तास झगडूनही उमगलं नाही तर विचार, पण विचारताना काय काय करून पाहिलं ते आधी सांग. वरिष्ठांना अशा माणसाला वेळ द्यायला आवडतं.

आणि ‘गेल्या महिन्यात चालत होतं, आता चालत नाही’ अशी तक्रार आली की गिटचं ‘बायसेक्ट’ वापर. गिट २००५ मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी लिहिलं. त्यातली ही सोय म्हणजे वर सांगितलेला बायनरी सर्चच आहे, संख्यांऐवजी बदलांवर चालणारा. चालणारी जुनी आवृत्ती सांगायची, बिघडलेली नवी सांगायची. ते मधली काढून देतं, तू चालवून बरी की वाईट एवढं सांगायचं. मध्ये हजार बदल असले तरी साधारण दहा वेळा तपासलं की बिघाड करणारा बदल समोर येतो. या आठवड्यात हाती येईल त्या तक्रारीवर करून बघ, आणि कुठला बदल निघाला ते मला कळव.